पाटणादेवीहून पितळखोऱ्याला: घळीतून चालत जाऊन रंगवलेले खांब कसे पाहावेत

चाळीसगावकडची मंडळी पाटणादेवीला जातात, चंडिकेचं दर्शन घेतात, डबा सोडतात आणि परततात. त्याच सातमाळा डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात त्यांचं कोरकाम सुरू झालं. लेणी कन्नड तालुक्यात मोडतात आणि त्या बाजूने गाडी पार वरपर्यंत जाते. तिथून पायऱ्या उतरल्या की झालं. पण पाय धड असतील तर खानदेशातून, खालून चालतच जा. जंगल ओलांडून आल्यावर ती जागा वेगळीच भिडते.

आधी हंगाम बघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात धबधबे देखणे असतात, पण वर पाऊस झाला की घळीत पाणी एकदम चढतं आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तर नकोच.

हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, परवानगी विचारून घ्या. गावातला वाटाड्या घ्याच. गुरांच्या पायवाटा जागोजागी फुटतात, नवख्याला सगळ्या सारख्याच दिसतात. बिबट्या आणि अस्वलाचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावर निघा आणि घोळक्यानेच चाला.

माणशी 3 लिटर पाणी, दादर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पकड असलेले बूट, टॉर्च. अत्तर किंवा उग्र वासाचं काही लावू नका. अशा कड्यांना आग्या मोहोळ असतं. त्याखाली धूर, आरडाओरडा, दगडफेक म्हणजे जिवाशी खेळ.

लेण्यात पोहोचलात की आधी घाम वाळू द्या, मग 3 क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थनागृहात, शिरा. बाहेरच्या उजेडातून आल्यावर खांब नुसते काळपट दिसतात. दहा मिनिटं गप्प बसा. डोळे सरावले की रंगाचे तुकडे जुळू लागतात आणि त्यातून बुद्धाची आकृती उभी राहते. ही चित्रं कोरकामानंतर काही शतकांनी, महायान या बौद्ध पंथाच्या काळात काढलेली आहेत. खांबांवर दात्यांचे ब्राह्मी लेखही आहेत. त्यातला एक पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा. चित्राला बोट लावू नका, फ्लॅश मारू नका. रंग उठून दिसावा म्हणून पाणी शिंपडणारे महाभाग भेटतात, त्यांना तिथल्या तिथे अडवा. गिलाव्याचा सुटलेला पापुद्रा पुन्हा चिकटत नाही.

मग शेजारचं 4 क्रमांकाचं लेणं. जोत्यावर हत्तींची रांग, दारात भालाधारी द्वारपाल. टॉर्च समोरून न धरता कडेने तिरपी धरा, छिन्नीचे घाव उठून दिसतील. पाच फण्यांचा नाग मात्र शोधून काढाच: वरचं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावं म्हणून आतून वाट कोरली आहे. इथला खडक पाणी शोषून ढासळतो. पुढचे भाग कधीच कोसळले, काही ठिकाणी नंतर सिमेंटचा आधार दिलाय. पाण्याशी झुंज त्या कारागिरांनाही चुकली नव्हती. इथे मिळालेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कान्हदास या सोनाराने आपलं नाव कोरलंय.

वेळ उरला तर ओढ्यापलीकडची स्तूपांची छोटी लेणी बघा. दोनच्या आत मात्र परत फिरा. घळीत ऊन लवकर उतरतं आणि उतारावर गुडघ्यांना जपूनच चालावं लागतं.