कंत्राटी विशेषज्ञ म्हणून सरकारी रुग्णालयात रुजू होण्यापूर्वी

भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ यांची पदे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दीर्घकाळ रिकामी राहतात, आणि ती भरण्यासाठी महाराष्ट्रात राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली जिल्हा पातळीवर कंत्राटी भरतीची जाहिरात निघते. विशेषज्ञांसाठी बहुधा लेखी परीक्षा नसते. थेट मुलाखत असते, आणि पद भरेपर्यंत ती ठरलेल्या वारी पुन्हा पुन्हा घेतली जाते. म्हणून एखादी तारीख हुकली तर जाहिरात लगेच बाजूला टाकू नये, जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर पुढची तारीख पाहावी.

जाहिरात वाचताना आधी मानधन पाहण्याचा मोह होतो, पण आधी पदाचा प्रकार पाहावा. पूर्णवेळ पदाला दरमहा एकत्रित मानधन असते. बोलावण्यावर येणाऱ्या तज्ज्ञाला प्रत्येक भेटीमागे किंवा प्रत्येक शस्त्रक्रियेमागे रक्कम मिळते. स्वतःचा दवाखाना चालू ठेवायचा असेल तर दुसरा प्रकार सोयीचा, कारण पूर्णवेळ करारात खासगी व्यवसायावर बंदी असू शकते. दुर्गम भागासाठी तज्ज्ञाने आपली अपेक्षित रक्कम सांगावी आणि शासनाने ती मान्य करावी, अशीही मुभा अभियानात आहे. तिथे संकोच करण्याचे कारण नाही.

खरी अडचण कागदपत्रांच्या पडताळणीत येते. एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत आहे, एम.डी.चे पदवी प्रमाणपत्रही हातात आहे, पण ती पदव्युत्तर पदवी परिषदेत अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवायची राहून गेली आहे, असे उमेदवार आढळतात, आणि पडताळणी करणारा लिपिक त्यांना विशेषज्ञ मानायला तयार होत नाही. त्याचे चुकते असेही म्हणता येत नाही. परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तेव्हा प्रमाणपत्रावरची मुदत मुलाखतीच्या आठवडाभर आधी नव्हे, जाहिरात हाती पडताच तपासावी. राखीव पदासाठी जात प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेयर, वयाचा पुरावा, अनुभवाचे दाखले, आणि शुल्क धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) मागितले असेल तर जाहिरातीत दिलेल्या नावानेच काढलेला धनाकर्ष: हे सारे मूळ प्रतींसह एका फाइलमध्ये, जाहिरातीतील क्रमाने लावलेले बरे. निवृत्त डॉक्टरांनी वयाची अट नीट वाचावी, कारण विशेषज्ञांना बहुधा ७० वर्षांपर्यंत घेतले जाते, मात्र ६० पूर्ण झालेल्यांकडून जिल्हा शल्यचिकित्सकांचे शारीरिक सक्षमतेचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते.

निवड झाल्यावर करारनाम्यावर सही करण्याआधी तो सावकाश वाचावा. मुदत एका वर्षापेक्षा थोडी कमी ठेवलेली असते आणि पुढे तांत्रिक खंड, म्हणजे सेवेत थोडा कागदोपत्री खंड, देऊन नवा आदेश निघतो. सेवा सलग धरली जाऊ नये म्हणून हा खंड ठेवला जातो, हे कार्यालयातील सर्वांना ठाऊक असते. राजीनाम्याची पूर्वसूचना किती दिवसांची, ती न दिल्यास किती मानधन वळते होते, रजा किती, मुख्यालयी राहण्याची सक्ती आहे का, आणि मानधनातून कर कोणत्या शीर्षाखाली कापला जाईल, हे प्रश्न तिथेच विचारावेत.

कायम होण्याच्या आशेवर मात्र हिशेब मांडू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ कंत्राटी सेवा दीर्घकाळ केली म्हणून नियमित होण्याचा हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या मार्चमध्ये अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्यांच्या नियमित पदांवर समायोजनाचा निर्णय घेतला खरा, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपावर जावे लागले.

रुजू होताना रुजू अहवालाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह शिक्का घ्यावा. पहिले मानधन अडले, तर लेखाविभाग हाच कागद आधी मागतो.