सर्वांना हात लावता येईल असे भित्तिचित्र: नव्या कलाकारांसाठी काही अनुभव

सामुदायिक कलेच्या कामात नव्याने उतरणारा तरुण चित्रकारांचा गट जमला की चर्चा बहुधा विषय आणि रंगसंगती यांपासून सुरू होते. हे काम कोणाकोणाला करता येणार, हा प्रश्न भिंत निम्मी रंगून झाल्यावर निघतो. अशा गटांबरोबर बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, चित्र सर्वांसाठी खुले राहणार की नाही, हे कामाची पद्धत निवडतानाच ठरून जाते.

परांचीवर चढून रंगवायचे चित्र घ्या. ज्यांना शिडी चढता येत नाही, उन्हात उभे राहवत नाही किंवा घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या वाट्याला फक्त पाहणे उरते. फिलाडेल्फियात १९८४ साली सुरू झालेल्या भित्तिचित्रांच्या उपक्रमात यावर चांगला तोडगा वापरला जातो. चित्राचे चौकोन पाडून ते पातळ, न विणलेल्या कापडावर उतरवतात, प्रत्येक आकृतीत रंगाचा क्रमांक लिहितात, कापड टेबलावर ॲक्रिलिक रंगांनी रंगवतात आणि शेवटी ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात. तुरुंगातील कैद्यांनी रंगवलेली कापडेही अशा रीतीने त्या शहरातील भिंतींवर लागली आहेत. नवख्या गटाने आधी हीच पद्धत शिकावी, असे मी आग्रहाने सांगतो.

टेबलाखाली सुमारे ७० सेंटिमीटर मोकळी उंची असली की चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे गुडघे आत जातात. ब्रशच्या दांड्यावर स्पंजची नळी चढवली की पकड कमजोर असणाऱ्यालाही तो धरता येतो. रंगाच्या कपांवर क्रमांक ठळक लिहावेत, कारण लाल आणि हिरवा यांत गल्लत होणारी माणसे प्रत्येक मोठ्या गटात असतात आणि ती सहसा तसे बोलून दाखवत नाहीत. हात थरथरणाऱ्या सहभागीसाठी आकृतीच्या कडेने मास्किंग टेप लावावी. त्याने मनसोक्त रंग फिरवावा, टेप काढल्यावर कड स्वच्छ निघते. मात्र त्याच्या हातातला ब्रश मदतीच्या नावाखाली स्वतःकडे घेऊ नये, आणि सगळे गेल्यावर त्याचा तुकडा गुपचूप ‘सुधारू’ तर मुळीच नये. कला महाविद्यालयातून आलेल्यांना हा मोह फार होतो. कोणत्या भागात हात किती मोकळा सोडायचा आणि कोठे काटेकोर राहायचे, हे आराखड्यातच ठरवले असेल तर सुधारण्याची गरजही उरत नाही.

जागेची पाहणी गटातील दोघांनी मोजपट्टी घेऊन करावी. उताराचे रूढ प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. दाराशी टेकवलेली फळी त्याची जागा घेऊ शकत नाही. चाकाची खुर्ची वळवायला साधारण १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसेल तर निमंत्रणातच तसे स्पष्ट लिहावे, कारण ऐनवेळी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे असते. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी संगीताविना, कमी गर्दीचा एक तास राखून ठेवणे बिनखर्चाचे असते, तरी तेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

पूर्ण झालेल्या चित्राचे, ज्यांना ते दिसत नाही त्यांना ऐकवायचे श्राव्य वर्णन लिहिताना आधी आकार व माध्यम, मग एकूण रचना आणि त्यानंतर तपशील, असा क्रम ठेवावा. ‘मन प्रसन्न करणारे रंग’ असले शेरे ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे नसतात. कोण कोठे उभे आहे, त्याच्या हातात काय आहे, हे सांगावे. स्पर्शाने पाहण्याची प्रतिकृती केल्यास रेषा निवडून कमी कराव्यात, कारण बोटांना गर्दी लवकर नकोशी होते. इटलीतील आंकोना येथे १९९३ पासून असलेले ओमेरो स्पर्श-संग्रहालय या विषयात रस असणाऱ्यांनी अभ्यासावे.

अपंग कलाकारांना केवळ सूचना देण्यासाठी बोलावणे मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क करारातील कलम ३० त्यांच्या सर्जनशील क्षमतेच्या विकासाबद्दल बोलते, आणि तो विकास समाजाच्या समृद्धीसाठीही आहे असे मानते. त्यामुळे त्यांना आराखडा ठरवणाऱ्या गटात घ्यावे, श्रेयफलकावर त्यांचे नाव कलाकार म्हणून लावावे आणि इतरांइतकेच मानधन द्यावे. अंदाजपत्रकात या बाबी ‘इतर खर्चा’त ढकलल्या तर पैसे कमी पडताच पहिली कात्री त्यांनाच लागते. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा खर्चही असाच आधी धरावा: लांबलेल्या बैठकीत ते दर २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलतात, म्हणून दोघे लागतात. तारीख छापण्यापूर्वी ते मोकळे आहेत का, एवढे विचारून घ्यावे.