वाळवंटात एकट्याने तारे पाहायला निघालात? या चुका टाळा

दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी जण तंबू पाठीला बांधून जैसलमेरच्या वाळवंटात एकट्याने रात्र काढायला येतात आणि त्यांतले बरेचसे त्याच त्या चुका करून, अर्धेमुर्धे आकाश पाहून परततात. खुरी गावाच्या परिसरात माझे वर्षानुवर्षे जाणे-येणे आहे, त्यामुळे या चुका मला तोंडपाठ झाल्या आहेत. पहिली चूक तर घरबसल्याच होते. सुट्टी मंजूर होते, तिकीट निघते, आणि तिथी कोणीच पाहत नाही.

जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास भरतो. तो पाहायला जाऊन ‘त्यातच एक रात्र आकाशगंगाही पाहू’ असा बेत आखणाऱ्याला चांदण्यात न्हालेली वाळू दिसेल, आकाशगंगा मात्र दिसणार नाही. वद्य नवमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस धरावेत. तेव्हा चंद्र एकतर मध्यरात्रीनंतर उगवतो किंवा संध्याकाळीच मावळतो. महिनाही पाहावा लागतो. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू राशीच्या दिशेला आहे आणि धनुर्मासात सूर्य स्वतःच त्या राशीत असतो, म्हणून डिसेंबरअखेरीस तो भाग दिसण्याचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये यावे आणि पहाटे आग्नेयेकडे पाहावे. डिसेंबर-जानेवारीत यायचे असेल, तर मृग, व्याध, कृत्तिका आणि दक्षिण क्षितिजाजवळचा अगस्ती पाहण्यासाठी यावे. तेही वैभव काही कमी नाही.

पर्यटकांची गर्दी असलेल्या सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबू ठोकणे ही दुसरी चूक. तिथल्या मुक्कामतळांचे दिवे आणि गाणी उशिरापर्यंत चालू असतात.

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे, तिच्याकडे येतो. ती म्हणजे रात्री तंबूपासून दूर चालत जाणे. एका जानेवारीत मी एका ढाणीवर, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीवर, मुक्कामाला होतो आणि थोड्या अंतरावर पुण्याहून आलेल्या एका तरुणाने तंबू लावला होता. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून त्याने तंबूतला दिवा विझवला, ते योग्यच होते. क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत होते, ते नजरेआड व्हावेत म्हणून तो दोन टेकड्या ओलांडून गेला आणि वाळूवर उताणा पडून राहिला. उठला तेव्हा आपण कोणत्या बाजूने आलो, हे त्याला सांगता येईना. वाऱ्याने पावले बुजली होती. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. त्या उजेडाने पुढची दहा पावले उजळली आणि पलीकडचा सगळा प्रदेश काळाठिक्कर केला. पातळ जाकीट घालून तो बराच वेळ चालत राहिला आणि शेवटी रुईच्या एका झुडपाआड कुडकुडत बसला. उजाडल्यावर उंट शोधायला निघालेल्या ढाणीवरच्या आजोबांना तो सापडला. तंबू लगतच्या टेकडीपलीकडेच होता. मला सर्वांत जास्त लागले ते हे, की तो तारे पाहायला आला होता, ध्रुवतारा रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि तंबू ध्रुवाच्या कोणत्या हाताला आहे हे त्याने निघताना पाहिले नव्हते.

माझी सवय साधी आहे. तंबूशेजारी एक उंच काठी रोवून तिच्यावर मंद लाल दिवा टांगतो आणि तो दिसेनासा होईल इतका लांब जात नाही. निघण्यापूर्वी तंबूकडे पाठ करून उभा राहतो आणि ध्रुव कोणत्या खांद्याला आहे ते मोठ्याने स्वतःशी म्हणतो. जैसलमेरहून ध्रुव क्षितिजापासून सुमारे २७ अंशांवर असतो, पुण्याहून दिसतो त्यापेक्षा बराच वर, त्यामुळे सापडायला सोपा जातो. अंगावरचे गरम कपडे तंबूत ठेवून कधीही बाहेर पडत नाही. मोबाइलमध्ये नकाशा आहे म्हणून या गोष्टी टाळणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की थंडीत बॅटरी लवकर उतरते. वाट चुकलीच, तर चालू नये. वाऱ्याच्या आडोशाला बसावे आणि उजाडण्याची वाट पाहावी.

थंडीची चूकही मोठी आहे. निरभ्र, कोरड्या हवेत वाळू झपाट्याने निवते आणि जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांपर्यंत किंवा त्याखालीही जातो. लोक वरून पांघरुणे वाढवतात, पण थंडी जमिनीतून येते. खाली दोन जाड चटया हव्यात. हवा भरायची गादी आणू नये, कारण भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडे तिला भोके पाडतात. टेकड्यांमधल्या खोलगट जागेत थंड हवा साचते आणि माथ्यावर वारा झोडपतो, म्हणून किंचित उंच, घट्ट जमीन निवडावी. नेहमीच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधावी आणि पिशवी हातभर खोल पुरावी.

डोळे अंधाराला पुरते सरावायला किमान अर्धा तास लागतो आणि मोबाइलकडे टाकलेला एक कटाक्ष तो अर्धा तास वाया घालवतो. पाच मिनिटांत ‘काही खास दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी मोबाइल पिशवीत तळाशी ठेवावा.

बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत. विंचू इथे भरपूर आहेत. थंडी ओसरली की फुरसेही रात्री फिरते, त्यामुळे मार्चमध्ये अनवाणी चालू नये. पाणी माणशी, दर दिवशी किमान ५ लिटर धरावे.

शेवटी परवानगीविषयी. हा सीमेचा जिल्हा आहे, काही भागांत बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि याच परिसरात माळढोकाचा अधिवास असलेले राष्ट्रीय मरू उद्यान आहे. त्यामुळे मोकळी जागा दिसली म्हणून तंबू ठोकू नये. जैसलमेरमध्ये चौकशी करावी, जवळच्या ढाणीवर जाऊन रामराम करावा, आपण कुठे उतरणार आणि सकाळी किती वाजता परत येणार हे तिथल्या वडीलधाऱ्यांना सांगावे, आणि ठरल्या वेळी आपण आलो नाही तर शोधायला या, अशी स्पष्ट विनंती करून मगच पुढे जावे.