घरच्या खाण्यासाठी कोंबड्या पाळताय? मनाचा त्रास वाढवणाऱ्या या चुका टाळा

पिल्ले आणताना घरात आनंदीआनंद असतो. कापायची वेळ आली की हात थरथरतो आणि कोणीतरी त्या दिवशी जेवतच नाही. वाईट वाटणं साहजिक आहे, ते पूर्ण जाणार नाही. पण त्यातला बराचसा त्रास टाळता येतो.

'अजून आठ दिवस राहू द्या'

सगळ्यात मोठी चूक हीच. ब्रॉयलर साधारण ४० दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो. पुढे वजन वाढतच जातं, पाय आणि हृदय मात्र ते पेलत नाहीत. पक्षी बसून राहतो, छातीखालची पिसं जाऊन कातडी लाल होते. त्यात जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. असा जड पक्षी भर दुपारी चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि तडफडून मरतो. जीव लागला म्हणून लांबवलं, आणि हाल झाले ते त्या पक्ष्याचेच.

म्हणून पिल्ले आणाल त्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा. उन्हाळ्यात ब्रॉयलर आणूच नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणले तर आखाडात तयार होतात. तेव्हा चुकलं की श्रावण लागतो, घरात महिनाभर कोणी खात नाही आणि पक्षी अडीच महिन्यांचे होतात. गावरान कोंबड्यांना पाच-सहा महिने लागतात, तिथे एवढी घाई नसते.

सगळ्यांनाच नावं ठेवणं

मुलं नावं ठेवणारच. त्यांच्यासाठी अंड्यावरच्या दोन तलंगा (तरुण कोंबड्या) वेगळ्या ठेवा, त्यांना हवी ती नावं द्या. खायच्या पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घाला आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की या कापायच्या आहेत. 'कोंबडी पळून गेली' असं खोटं सांगू नका. ताटात रस्सा आला की मुलाला कळतंच आणि मग विश्वास जातो. बळजबरीने बघायला उभंही करू नका.

बोथट सुरी, अर्धवट तयारी

मनात वर्षानुवर्षं राहतं ते चुकलेलं कापणं. पहिल्यांदा एकट्याने करू नका. गावातल्या मुलाण्याला किंवा चिकनवाल्याला बोलवा, दोन-तीन वेळा नीट बघा.

आदल्या रात्री आठला खाद्य काढा, पाणी राहू द्या. पहाटे अंधारातच पक्षी धरा, तेव्हा तो शांत असतो. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचा तळ कापा, तोंड चार बोटं रुंद करा आणि कॅन उलटा खांबाला ठोका. पक्षी त्यात डोकं खाली करून सोडला की पंख आवळलेले राहतात. सुरीला आदल्या दिवशीच धार लावा. जबड्यामागे, गळ्याच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या कापल्या जातील असा एकच ठाम वार करा.

यानंतरची फडफड बघून लोक सगळ्यात जास्त हादरतात. नीट कापलं असेल तर साधारण अर्ध्या मिनिटात शुद्ध जाते. पंख मात्र त्यानंतरही हलतात. ती स्नायूंची हालचाल आहे, वेदना नाही. तुरा फिका पडतो. डोळ्याला बोट लावल्यावर पापणी हलली नाही आणि श्वास थांबला असेल, तरच पिसं काढायला गरम पाण्यात घाला. ही खात्री केली की रात्री 'जिवंत तर नव्हती ना' हा विचार छळत नाही.

खुराड्यासमोर कापू नका. एका सकाळी दोन-तीनच घ्या. दहा एकदम घेतले की शेवटी हात थकतो आणि वार चुकतो.

त्याच दुपारी जेवायचा आग्रह

चिकन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ताठरलेले स्नायू सैल होतात, मांस मऊ शिजतं आणि मनालाही एक रात्र मिळते. कापणाऱ्याला त्या दिवशी साधी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ द्या, 'एवढं काय त्यात' म्हणू नका.

दरवेळी झोप उडत असेल तर कापायचं काम दुसऱ्याला द्या, किंवा फक्त अंड्यांसाठी पाळा. उदासी दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.