लहान व्यवसायासाठी पैसा आणि पाठबळ कसे उभे करावे

व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कर्ज कुठे मिळेल?’ हा असतो. त्याआधी नेमके किती पैसे लागणार आहेत आणि ते कशासाठी लागणार आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरलेली हवीत. ती हाती असली की कुठे जायचे हे पुष्कळदा आपोआप ठरते. ती नसली तर माणूस मिळेल ते कर्ज घेतो आणि पुढे बरा चाललेला धंदाही हप्त्यांच्या ओझ्याने खाली बसतो.

म्हणून पहिली पायरी हिशोबाची. यंत्रे, जागेची अनामत, परवाने हा एकदाच होणारा खर्च आणि भाडे, पगार, वीज हा दरमहाचा खर्च वेगवेगळा मांडावा. दरमहाच्या खर्चात स्वतःचा घरखर्चही धरावा, कारण तो न धरल्यामुळे धंद्याचे पैसे नकळत घरात जातात. हे दोन आकडे बहुतेकांना काढता येतात. चुकतो तो तिसरा आकडा, खेळत्या भांडवलाचा, म्हणजे मालासाठी पैसे गुंतवल्यापासून ग्राहकाचे पैसे हाती येईपर्यंत धंदा चालवायला लागणाऱ्या रकमेचा, आणि माझ्या मते नव्या व्यवसायाची सर्वांत मोठी अडचण इथेच असते.

समजा, एक शिवणकाम करणारी व्यक्ती रुग्णालयांना गणवेश पुरवणार आहे. कापड आणल्यापासून शिलाई पूर्ण व्हायला 20 दिवस लागतात, तयार माल पोचवेपर्यंत आणखी 10 दिवस जातात आणि रुग्णालय बिलाचे पैसे 45 दिवसांनी देते. कापडाचा व्यापारी 15 दिवसांची उधारी देतो. 20, 10 आणि 45 यांची बेरीज 75 होते. त्यातून उधारीचे 15 दिवस वजा केले तर 60 उरतात. म्हणजे ढोबळ मानाने 60 दिवसांचा चालू खर्च भागेल एवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय हा धंदा चालू शकत नाही, मग मागणी कितीही असो. हेच गणित उलट बाजूनेही उपयोगी पडते: ग्राहकाने 45 ऐवजी 30 दिवसांत पैसे देण्याचे कबूल केले, तर 15 दिवसांचे भांडवल व्याजाशिवाय उभे राहते. कर्जाचा अर्ज भरण्याआधी ग्राहकाकडून आगाऊ रक्कम आणि व्यापाऱ्याकडून उधारीची मुदत मागून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर स्वतःची बचत मोजावी. कर्ज देणारी संस्था प्रकल्पाचा काही हिस्सा अर्जदाराने स्वतः घालावा अशी अपेक्षा सहसा ठेवते. ज्याने आपले पैसे गुंतवले आहेत तो अडचणीत धंदा सोडून जाणार नाही, असा त्यामागचा विचार असतो. नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे असतील, तर ती रक्कम उसनी आहे की भागीदारीची, आणि परत कधी करायची, हे लिहून दोघांनी सही करावी.

आता पैशाचा प्रकार निवडावा. यंत्र अनेक वर्षे चालणार असेल, तर त्यासाठी काही वर्षांचे मुदत कर्ज घ्यावे. माल आणि उधारी यांसाठी कॅश क्रेडिटसारखी, गरजेनुसार पैसे काढण्याची आणि भरण्याची सोय मागावी. थोड्या मुदतीच्या पैशातून यंत्र घेतले तर ते कमावू लागण्याआधीच परतफेड सुरू होते. ज्या व्यवसायाचे उत्पन्न कधी सुरू होईल हे सांगता येत नाही, त्याने हप्ता बांधून घेण्यापेक्षा हिस्सा देऊन गुंतवणूकदार घेणे बरे. तारण नसेल तर पतहमी योजनांची चौकशी करावी. अशा योजनेत कर्ज बुडाल्यास त्याचा ठरावीक भाग हमी देणारी संस्था भरते. अमेरिकेत 1953 साली स्थापन झालेले लघुउद्योग प्रशासन याच पद्धतीने काम करते. अगदी लहान रकमेसाठी सहकारी पतसंस्था आणि सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. बांगलादेशात मोहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या प्रयोगातून ग्रामीण बँक उभी राहिली, ती तारण नसलेल्या माणसांना कर्ज देऊनच.

अर्जासोबत बारा महिन्यांचा जमाखर्चाचा अंदाज महिनावार जोडावा. अधिकारी बँकेचा खातेउतारा बारकाईने पाहतात: धनादेश परत गेले आहेत का, महिनाअखेरीस खात्यात काही उरते का, जुने हप्ते वेळेवर गेले आहेत का. हप्ता भरायला 100 लागणार असतील तर त्यासाठी हाती 125 तरी उरावेत, असा एक प्रचलित अंदाज आहे. तुम्ही स्वतः याहून कडक परीक्षा घ्यावी. विक्री चौथ्या हिश्शाने घटली आणि वसुली एक महिना लांबली, तरी हप्ता जाईल का? जात नसेल तर रक्कम कमी करावी किंवा मुदत वाढवून मागावी.

व्याजाचा दर ऐकताना तो सरळ आहे की घटत्या शिलकीवर आहे, हे विचारलेच पाहिजे. तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांच्या कर्जावर सरळ 10 टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ 18 टक्के होतात, कारण तुम्ही मुद्दल दरमहा फेडत असता आणि व्याज मात्र मूळ रकमेवरच आकारले जाते. प्रक्रिया शुल्क, मुदतीआधी कर्ज फेडल्यास होणारा दंड आणि वैयक्तिक जामीन यांबद्दलची कलमे सही करण्याआधी वाचावीत. कर्ज मंजूर करून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

पैशाइतकीच गरज जाणत्या माणसाची असते. अमेरिकेतील बटेव्हिया गावात 1959 साली रिकाम्या पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत लहान उद्योगांना जागा आणि सल्ला एकत्र मिळू लागला. व्यवसाय उबवणी केंद्राची कल्पना तिथून पुढे आली आणि आज अशी केंद्रे अनेक देशांत आहेत. ते जवळ नसेल तर त्याच व्यवसायात दहा वर्षे काढलेली व्यक्ती आणि एक चांगला हिशोबनीस, एवढ्यानेही काम होते.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागावे आणि तेवढीच उणीव दूर करून पुन्हा जावे. मंजूर झाला तर पहिल्या दिवसापासून धंद्याचे खाते वेगळे ठेवावे आणि हप्ता चुकेल असे दिसताच, तारीख उलटण्याआधी, बँकेत जाऊन बोलावे. मुदत वाढवून देणे तोवर अधिकाऱ्याच्या हाती असते.