भ्रष्ट पुढाऱ्यांसाठी प्रार्थना कशी करायची: नाव घेऊन, राग घेऊन, आणि स्वतःला न वगळता

आमच्या चर्चमध्ये मध्यस्थीच्या प्रार्थनेत एक वाक्य ठरलेलं असतं, "देशाच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे", सगळे आमेन म्हणतात आणि पाळकसाहेब आजाऱ्यांच्या यादीकडे वळतात. आता आजाऱ्यांच्या यादीत बघा, नाव असतं, आजार असतो, कुठल्या दवाखान्यात ॲडमिट आहे ते असतं, ऑपरेशन किती तारखेला तेही असतं. राज्यकर्त्यांना मात्र एकच ठोक वाक्य. कारण उघड आहे, नाव घेतलं की पुढच्या बाकावरचं कुणीतरी तोंड फिरवणार.

तर हे जे लिहितोय ते, आम्ही नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात सहा-सात घरं मिळून शुक्रवारी जी घरगुती प्रार्थनासभा घेतो त्यात चुकत चुकत जे शिकलो ते आहे. मी पाळक नाही, सेमिनरीत गेलेलो नाही. कुणाला उपयोग झाला तर घ्या.

आधी एक प्रश्न मिटवू, कारण तो प्रत्येक वेळी निघतोच. "चोर आहेत ते, त्यांच्यासाठी मी का गुडघे टेकू?" येशूचा प्रेषित पौल याने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं की राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा (1 तीमथ्य 2), ते आपल्याला पाठ असतं. पण बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये 24 कुणी त्याच्या शेजारी ठेवून वाचत नाही. फेलिक्स नावाचा रोमी सुभेदार, पौल त्याच्या कैदेत, आणि हा साहेब त्याला पुन्हापुन्हा बोलावून गप्पा मारायचा, का तर पौलाकडून काहीतरी पैसे सुटतील या आशेने! पैसे सुटले नाहीत, तर केस तशीच दोन वर्षं लोंबकळत ठेवली आणि बदली होऊन निघून गेला. म्हणजे फाईल अडवून ठेवणारा अधिकारी काय चीज असते हे पौलाला आपल्याइतकंच माहीत होतं, आणि "अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा" हे त्या माणसाने सांगितलंय. मला तरी यानंतर वाद घालायला जागा उरली नाही.

एक वही घ्या

साधी शंभर पानी. त्यात नावं लिहायची, आणि वरून नाही तर खालून सुरुवात करायची: वॉर्डाचा सदस्य, सरपंच किंवा नगरसेवक, तलाठी, ग्रामसेवक, मग जिल्हा परिषद, आमदार, खासदार, आणि मग मुंबई-दिल्ली. लोक उलटं करतात, टीव्हीवर दिसणाऱ्या मंत्र्यासाठी तावातावाने प्रार्थना करतात आणि ज्या माणसाच्या सहीवाचून आपल्या गल्लीतलं पाणी अडलंय त्याचं पूर्ण नावसुद्धा माहीत नसतं. आमच्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी जिल्हा परिषदेच्या सदस्याचं नाव फक्त एकाला सांगता आलं, आणि तोही त्याचा नातेवाईक निघाला.

प्रत्येक नावापुढे दोन कप्पे पाडायचे. एकात "माहीत आहे", दुसऱ्यात "ऐकलंय". व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं दुसऱ्या कप्प्यात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण देवापुढे बसून एखाद्यावर खोटा आळ घेणं हे दहा आज्ञांपैकी एक मोडणंच आहे, मग समोरचा कितीही डांबरट असो. नाबोथाची गोष्ट आठवा (1 राजे 21). अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता, राणीने राजाच्या नावाने पत्रं काढली, वर शिक्का मारला, दोन भाडोत्री साक्षीदार उभे केले, आणि सगळं कायदेशीर दिसेल अशा पद्धतीने माणूस दगडांनी ठार मारून जमीन घशात घातली. आपल्याकडच्या कुठल्याही गावकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, सातबारा हा शब्द फक्त त्यात नाहीये. पण नाबोथ मेला कशाने? खोट्या साक्षीने. तेच हत्यार आपण प्रार्थनेत वापरायचं नाही, एवढंच.

पहिला कप्पा भरायला साधनं आहेत. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रात लिहून द्यावे लागतात, आमदार-खासदारांची ही शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर सापडतात. बसून वाचा. खटला चालू असणं आणि शिक्षा होणं यात फरक आहे, तोही वहीत नीट लिहा.

राग आला असेल तर तो आणा

आपल्याकडे असं शिकवलेलं असतं की प्रार्थनेत आवाज मऊ पाहिजे. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा मग. स्तोत्र 10 मध्ये सरळ विचारलंय की प्रभू, तू लांब का उभा आहेस, आणि तिथला दुष्ट माणूस खेड्यात दबा धरून बसतो, गरिबाला जाळ्यात ओढतो, आणि मनात म्हणतो की देव काही बघत नाही. स्तोत्र 58 मध्ये तर अन्यायी अधिकाऱ्यांचे दात पाड म्हणून मागणी आहे. आणि 94 मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात नियमाच्या आडून त्रास देणाऱ्या राजासनाचा विषय निघतो, म्हणजे कायदा मोडणारा नव्हे, कायदाच वाकडा करून ठेवणारा.

आम्ही करतो काय, सुरुवातीची दहा मिनिटं यातलं एक स्तोत्र सावकाश वाचतो आणि मग ज्याला जे खुपतंय ते तो देवाला सांगतो. देवाला. एकमेकांना नाही. हा फरक समजायला आम्हाला दोन महिने लागले. एकदा एका भावाने डोळे मिटून एका पक्षाविरुद्ध चांगलं बारा मिनिटांचं भाषण ठोकलं, मधूनमधून "प्रभू" हा शब्द टाकत, आणि पुढच्या शुक्रवारी एक कुटुंब आलंच नाही. तेव्हापासून नियम, पक्षाचं नाव नाही, माणसाचं नाव आणि काम एवढंच, आणि एका वेळी दोन मिनिटं. आमच्या मावशी घड्याळ समोर ठेवून बसतात, त्यांना कुणी हरकत घेत नाही.

स्तोत्र 109 बद्दल सावध राहा. ओबामा अध्यक्ष असताना अमेरिकेत गाड्यांच्या मागे त्यातल्या आठव्या ओवीचे स्टिकर लागले होते, त्याचे दिवस थोडे होवोत आणि पद दुसऱ्याला मिळो अशा अर्थाची ती ओवी. विनोद म्हणून लावले म्हणे. पुढचीच ओवी त्या माणसाची पोरं अनाथ होण्याची आहे. पद जावं म्हणून प्रार्थना करा, जरूर करा, खुर्ची ही काही आयुष्यभराची नसते. पण तो मरावा, त्याच्या घरात वाईट व्हावं, असं जिभेवर यायला लागलं तर तिथेच थांबा, पाणी प्या. एलीया संदेष्ट्याने अहाबाला तोंडावर सुनावलं, पण नंतर अहाबाने गोणपाट नेसून उपास केला तेव्हा देवाने तेही पाहिलं आणि शिक्षा लांबणीवर टाकली. इतक्या नालायक राजाचा पश्चात्ताप देव मोजतो म्हणजे आपल्या वहीतलं कुठलंच नाव त्याच्या हाताबाहेरचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ही गोष्ट दर वेळी आवडतेच असं नाही.

आता स्वतःकडे

यरुशलेमचे तट पडलेत हे कळल्यावर नहेम्या, परक्या राजाच्या दरबारातला यहुदी चाकर, रडला, उपास केला, आणि प्रार्थनेत म्हणाला की आम्ही पाप केलंय, मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने. तो होता हजार मैलांवर राजवाड्यात, त्याने एक वीट पाडली नव्हती. तरी "ते" नाही म्हणाला, "आम्ही" म्हणाला.

माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलीच्या ॲडमिशनसाठी एक दाखला हवा होता, तारीख जवळ आली होती, खिडकीवरच्या माणसाने "बघू उद्या" असं तीनदा केलं आणि मी चौथ्या वेळी अर्जाच्या खाली नोट सरकवली. पाच मिनिटांत दाखला. घरी येऊन मी जेवताना भ्रष्टाचारावर लेक्चर दिलं! ती नोट मला त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी लागली, ग्रुपसमोर, आणि मग एकेक करून सगळ्यांनी आपापली काढली: मीटर, आरटीओ, रजिस्ट्री, एकाने मतदानाच्या आदल्या रात्री घरात आलेलं पाकीट. ते पाकीट परत केलं नव्हतं. त्या शुक्रवारी पुढाऱ्यांची प्रार्थना झालीच नाही, वेळच उरला नाही.

आणि ही कबुली नुसती आध्यात्मिक नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही थेट गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणारा सुटतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर 1064, तो वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलाय आम्ही.

मागायचं काय

"सुबुद्धी दे" पेक्षा नेमकं मागा. स्तोत्र 72 ही राजासाठीची प्रार्थना आहे, तिच्यात गरिबाचा न्याय, लाचाराच्या लेकरांची सुटका आणि पिळणाऱ्याचा चुराडा असं सगळं एकत्र आहे, तिचा साचा धरला तर सोपं जातं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले तेव्हा त्यानेही नेमकंच सांगितलं, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कुणाला धमकावून पैसे काढू नका, पगारात भागवा. नोकरी सोडा असं नाही म्हणाला.

आम्ही साधारण असं म्हणतो, तुम्ही आपल्या शब्दांत बदला:

"प्रभू, हा अमुक माणूस, याचं नाव तुला माहीत आहे, आम्हीही घेतोय. आमच्या रस्त्याचे पैसे आले आणि रस्ता आला नाही. कोणी खाल्ले ते आम्हाला पक्कं माहीत नाही, तुला आहे. जे लपलंय ते उजेडात आण. याच्या ऑफिसात एखादा प्रामाणिक क्लार्क असेल तर त्याला आज घाबरू देऊ नको. याला लाज वाटू दे, आणि लाज वाटली तर परत फिरायला वाट दे. नाही फिरला तर ही खुर्ची याच्याकडून काढून घे. आणि उद्या आम्हाला कोणी पाकीट दिलं तर आमचा हात मागे घे. येशूच्या नावात, आमेन."

प्रामाणिक क्लार्कचं वाक्य कधी गाळू नका. प्रत्येक कुजक्या ऑफिसात एक तरी माणूस असतो जो खात नाही आणि त्यामुळे सगळ्यांच्या शिव्या खातो, त्याच्यासाठी कुठल्याच चर्चमध्ये कुणी प्रार्थना करत नाही.

लोक म्हणतात प्रार्थनेने काय होतं

जर्मनीत लाइपझिग शहरातल्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना व्हायची, कम्युनिस्ट राजवटीच्या नाकाखाली. कित्येक सोमवारी मोजकीच डोकी असायची. 9 ऑक्टोबर 1989 ला प्रार्थना संपवून लोक बाहेर आले तेव्हा रस्त्यावर साधारण सत्तर हजार माणसं होती, हातात मेणबत्त्या, आणि घोषणा, हिंसा नको. पोलिस होते, सैन्य तयार होतं, गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. तिथले पाळक ख्रिस्तियान फ्यूरर म्हणायचे की मेणबत्ती धरायला एक हात आणि ज्योत विझू नये म्हणून दुसरा हात लागतो, दगड उचलायला हात राहतच नाही. मला यातली सात वर्षं महत्त्वाची वाटतात, तो एक सोमवार नाही.

दक्षिण आफ्रिकेत 16 जून 1985 ला, सोवेटोच्या काळ्या शाळकरी पोरांवर वर्णभेदी सरकारच्या गोळ्या चालल्या त्या दिवसाच्या आठवणीत, अन्यायी राजवट संपावी म्हणून उघड प्रार्थनेची हाक दिली गेली. त्यावर चर्चच्या काही पुढाऱ्यांनीच हरकत घेतली, सरकार जावं अशी प्रार्थना कशी करायची म्हणून. म्हणजे तुमच्या मंडळीत कुणी नाक मुरडलं तर ते नवीन नाही.

आणि लांब कशाला, वसई बघा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांना आपण उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो, त्यांनी हरित वसईच्या लढ्यात बिल्डर आणि गुंडगिरीच्या राजकारणाविरुद्ध लोकांना उभं केलं. मिस्सा (चर्चमधली उपासना) म्हणणारा माणूस मोर्चातही होता, आणि दोन्ही वेळेला तोच माणूस होता.

उठल्यावर

आमच्या शुक्रवारच्या सभेत शेवटची पाच मिनिटं एकच प्रश्न असतो, यातलं आपल्या हातात काय आहे? नहेम्याने चार महिने प्रार्थना केली आणि मग राजाकडून लाकडाची परवानगी आणि पत्रं लेखी मागून घेतली. पुढे स्वतः सुभेदार झाल्यावर आधीचे सुभेदार लोकांकडून चाळीस शेकेल चांदी उकळायचे ती बंद केली, बारा वर्षं हक्काचा भत्तासुद्धा उचलला नाही. मंडळीतल्या कुणाला निवडणुकीला उभं राहायचं असेल तर त्याला नहेम्या 5 वाचायला द्या आणि मग पुन्हा विचारा.

आमच्या हातात निघाला तो माहिती अधिकार. दहा रुपयांची फी, साध्या कागदावर अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. रस्त्याचं अंदाजपत्रक, बिलं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, एवढंच मागितलं. मावशींनी अर्जावर हात ठेवून प्रार्थना केली, तरुण पोरं हसली, मी पण थोडा हसलो. उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं, त्यात अंदाजपत्रक आहे आणि बिलं नाहीत. अन्यायी न्यायाधीशाकडे रोज जाऊन त्याचं डोकं उठवणाऱ्या विधवेचा दाखला (लूक 18) मावशींचा आवडता, त्यांनी लगेच विचारलं पुन्हा कधी जायचं. पहिलं अपील 30 दिवसांच्या आत करायचं असतं, म्हणून या शुक्रवारी आमेननंतर आणि चहाच्या आधी तेच लिहायला बसणार आहोत.