ग्वाल्हेरच्या थंडीत तुळस, कढीपत्ता आणि अळू जगवायचे असतील तर

कोकणातून किंवा पुण्याकडून कुणी आलं की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत एखादं तरी रोप उतरतंच. कढीपत्ता, अळूचा कांदा, ओव्याची फांदी, जास्वंदीची काडी, गवती चहाचा ठोंब. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे आमच्या घराच्या चौकात हे सगळं आहे. पावसाळ्यात ही झाडं इथे मजेत वाढतात, उन्हाळाही पाणी दिलं तर काढतात. घात होतो तो डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, कधीकधी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही. एका रात्रीत दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं, इथले माळी ज्याला हिंदीत पाला म्हणतात ते, आणि दुपारपर्यंत तुळस काळी पडलेली असते. माहेरी दहिवर कुणाला ठाऊकच नाही, म्हणून रोप देणारी माणसं याबद्दल काही सांगत नाहीत. ते मी सांगते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण रजई घेतो तेव्हा ती आपल्याच अंगाची ऊब आत धरून ठेवते. झाडाला अशी ऊब नसते. दिवसभर उन्हाने तापलेली जमीन रात्री ती ऊब वर सोडते. आकाश मोकळं असेल तर ती निघून जाते. पानंही आपली ऊब अशीच आकाशाकडे सोडतात, आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त गार होतात. म्हणून बातम्यांत किमान तापमान तीन-चार अंश सांगितलं असतानाही जमिनीलगतच्या पानांवर पाणी गोठू शकतं. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. तुमचा अळू तिथे नसतो, तो त्याच्या खाली, उघड्यावर असतो. आपलं काम एवढंच, की जमिनीतून वर येणारी ऊब झाडाभोवती अडवायची.

कोणत्या रात्री जागं राहायचं, हे ओळखायला शिका. रोज झाकाझाक केली तर आठ दिवसांत कंटाळा येतो आणि नेमक्या रात्री राहून जातं. दाट धुक्याच्या दिवसांत आपल्याला हुडहुडी भरते, बाजारात जागोजागी शेकोट्या पेटतात, पण झाडांना त्या रात्री बहुधा सोसतात, कारण धुकं आणि ढग जमिनीची ऊब खालीच परतवतात. भीती असते ती त्यानंतरच्या रात्रीची. पश्चिमेकडून आलेले ढग एक-दोन दिवस रेंगाळतात, थोडा पाऊस होतो, मग आकाश लख्ख होतं आणि वायव्येचा गार वारा सुटतो. तो वारा ज्या संध्याकाळी पडतो, ती रात्र वाईट. वारा असतो तोवर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळत राहते. तो थांबला की गार हवा जड असल्यामुळे खाली बसते. मी रात्री नऊच्या सुमारास चौकात उदबत्ती धरून बघते. धूर सरळ वर जातोय, चांदण्या स्वच्छ दिसताहेत आणि किमान तापमानाचा अंदाज चार अंश किंवा त्याहून कमी आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर झाकायचंच. खरं तर अंदाज बघून दुपारीच तयारीला लागावं, उदबत्ती फक्त खात्रीसाठी.

दुपारी तीन-चार वाजता जमिनीतल्या झाडांना हलकं पाणी द्या, पानं न भिजवता. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री ती चांगली वर येते. कोरड्या, नुकत्याच खणलेल्या भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते, तिच्यातून ऊब वर येत नाही. म्हणून थंडीच्या लाटेत खुरपणी करू नका. आणखी एक, जे बहुतेकांना पटत नाही: झाडाच्या बुंध्याशी पसरलेला वाळलेला पाचोळा त्या दिवशी बाजूला सारा. पाचोळा मुळांना सांभाळतो हे खरं, पण जमिनीची ऊब तो खालीच दाबून धरतो आणि वरची पानं जास्त गारठतात. सकाळी पुन्हा पसरा. कुंड्यांना मात्र पाणी बेतानेच, कुंडीत पाणी साचलं तर थंडीत मुळं कुजतात.

आता झाकण. जुनी सुती चादर, धोतर, नऊवारी, दाल बाजारात मिळणारी तागाची पोती, काहीही चालेल. बियाण्यांच्या दुकानात पांढरं, हलकं क्रॉप कव्हर मिळतं, तेही उत्तम. पण ते घालायचं कसं, यात सगळं आहे. लोक कापड झाडाच्या शेंड्यावरून घेऊन खाली बुंध्याशी सुतळीने आवळतात. त्याने जमिनीची ऊब बाहेरच राहते. कापड तंबूसारखं चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आलं पाहिजे, आणि कडांवर विटा ठेवून फट बंद केली पाहिजे. कढीपत्त्याभोवती मी तीन-चार बांबू रोवते, ते झाडापेक्षा वीतभर उंच. वर सुतळीने एकत्र बांधते आणि त्यावर चादर सोडते, म्हणजे कापड पानांना टेकत नाही. जिथे टेकतं तिथे पान गोठतं. प्लास्टिकच्या बाबतीत हे फारच खरं. ते घालायचंच असेल तर चादरीच्या वरून, पानांपासून लांब. झाकायची वेळ सूर्य मावळायच्या आधीची, जमिनीत ऊब आहे तोवर. रात्री अकराला आठवण होऊन झाकलं तरी काहीच न करण्यापेक्षा बरं, पण तोवर बरीच ऊब गेलेली असते.

तुळशीला आपल्याकडे लग्नानंतर चुनरी पांघरतात. इथे तर घरोघर दिसते. ती पातळ जरीची चुनरी श्रद्धेची म्हणून राहू द्या, पण तिने दहिवर थांबत नाही. तिच्यावरून जाड सुती कापड वृंदावनाच्या कडेपर्यंत सोडा. वृंदावन दगडाचं किंवा विटांचं असेल आणि त्यावर दिवसभर ऊन पडत असेल, तर तेही रात्री ऊब सोडतं. आत, मातीवर, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या झाकण लावून ठेवा. दिवसा त्या उन्हात तापवून घ्यायच्या. पाणी गार व्हायला वेळ घेतं, आणि गोठू लागलं तरी दर ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता सोडतं. कापडाखाली दिवा, निरांजन किंवा निखारे मात्र कधीही ठेवू नका. एवढं करूनही तुळस दगावू शकते, तिला थंडी सोसतच नाही. म्हणून मंजिऱ्या वाळवून बी ठेवा आणि एक छोटी कुंडी घरात, उन्हाच्या खिडकीत ठेवा. घरातली तुळस गेली की माझ्या सासूबाईंना दिवसभर काही सुचत नाही, आणि मलाही.

कुंड्या उचलता येतात, तर उचला. दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड असलेली भिंत सर्वांत चांगली, दिवसभर तापलेला दगड उशिरापर्यंत ऊब देत राहतो. पागोळीखाली, जिन्याखाली, आंब्याच्या झाडाखाली ठेवलेली कुंडी वाचते, कारण तिच्या डोक्यावर उघडं आकाश नसतं. आमच्यासारख्या जुन्या घरांच्या चौकात म्हणूनच गच्चीपेक्षा कमी नुकसान होतं. गच्चीवरच्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, नाजूक मध्ये, दणकट कडेला, आणि बाहेरच्या बाजूने पोती गुंडाळा, कारण कुंडीत मुळांनाही चहूकडून गारठा लागतो.

सगळं झाकायला कापड पुरत नाही, तेव्हा क्रम ठरवा. आधी तुळस, टोमॅटो, वांगी, मिरची, पपई, अळू, ओवा. मग कढीपत्ता, जास्वंद, केळ. मेथी, पालक, कोबी, मुळा, लसूण यांची काळजी नको. मटाराचा वेल टिकतो, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा जातात, म्हणून फुलावर असेल तर त्यालाही झाका.

शेतकरी कडेला धूर करतात, रात्री तुषार चालवतात, गंधकाची फवारणीही करतात. चंबळच्या मोहरीला आणि हरभऱ्याला ते ठीक. घरी तुषार नकोच, कारण मध्येच बंद पडले तर पानं आणखी गारठतात. आणि शहरात पाचोळा जाळून शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना खोकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धुराने ऊब फारशी अडतही नाही.

पहाट होता होता थंडी सर्वांत जास्त असते, तेव्हा उठल्याबरोबर कापड ओढू नका. ऊन चांगलं अंगावर यायला लागलं की काढा, आणि काढाच. दिवसभर झाकून ठेवलं तर जमीन तापतच नाही, मग पुढच्या रात्री अडवायला ऊब कुठली?

तरीही पान लागलं तर ते असं दिसतं: सकाळी गडद, ओलसर, जरासं पारदर्शक, हाताला मऊ. उन्हं चढली की मान टाकतं आणि काळं पडतं. कधी पांढरा थर दिसलाच नाही तरी असं होतं, हवा फार कोरडी असली की. लगेच कात्री घेऊन धावू नका. ती मेलेली पानं खालच्या फांद्यांवर पुढच्या थंडीत आडोसा धरतात, आणि छाटलं की झाड नवी कोवळी पालवी काढू बघतं, तीच पुन्हा पहिल्यांदा जळते. पाणी कमी करा, खत बंद. युरियासारखं नत्राचं खत तर नोव्हेंबरपासूनच देऊ नये, त्याने वाढलेली लुसलुशीत पानं सर्वांत आधी जातात.

फेब्रुवारी संपत आला की खोड नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली छाटत या. कढीपत्ता वरून पूर्ण वाळला तरी बुडातून फुटतो. अळूची पानं गेली तरी कांदा मातीत शाबूत असतो, त्यावर पाचोळा टाकून ठेवा, होळीनंतर पाणी सुरू करा. केळीचंही तेच. पपईचा शेंडा कुजला असेल तर तिची आशा फार धरू नका, नवीन बी लावा. आणि कढीपत्त्याला नवे फुटवे चार बोटं लांब झाले की मगच मूठभर शेणखत घाला.